अमेरिकेत शहराने वाढवलेलं किमान वेतन राज्य सरकार रद्द करू शकतं का?

हो, करू शकतं. तिथे शहरांना अधिकार मिळतात तेच मुळात राज्याकडून, त्यामुळे राज्याने कायदा करून मनाई केली की शहराचा नियम सहसा टिकत नाही. मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहराचंच बघा. मे २०१७ मध्ये तिथे तासाला १० डॉलर लागू झाले. मिसूरीच्या विधिमंडळाने कायदा केला आणि २८ ऑगस्टला किमान दर पुन्हा ७.७० डॉलरवर. काही मालकांनी १० डॉलर चालूच ठेवले, पण तो त्यांचा मोठेपणा. अलाबामा राज्याने आपल्या बर्मिंगहॅम शहराची वेतनवाढही २०१६ मध्ये अशीच हाणून पाडली. मात्र सगळीकडे अशी मनाई नाही: सिएटल, सॅन फ्रान्सिस्को राज्यापेक्षा जास्त दर स्वतःच ठरवतात.