मुलाला मित्रांबरोबर मॅचला पाठवावे का?

‘मुलगा पंधरा वर्षांचा आहे, मित्रांबरोबर स्टेडियममध्ये फुटबॉलचा सामना पाहायला जायचे म्हणतो, पाठवावे की नाही?’ हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना बहुतेकदा समुपदेशक म्हणून माझ्याकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे असते. मी ते सहसा देत नाही, कारण या एका प्रश्नाच्या पोटात चार-पाच निराळ्या काळज्या असतात आणि त्यांतली एखादी पालकांची नसून मुलाचीच असते. कोथरूडच्या एका कुटुंबाच्या बाबतीत हे फार स्पष्टपणे दिसले. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ते इथे मांडते आहे. मुलाला आपण अथर्व म्हणू.

2018 च्या जानेवारीत हे तिघे आले. इंडियन सुपर लीगचा हंगाम ऐन भरात होता आणि एफसी पुणे सिटीचे घरचे सामने बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात होत होते. अथर्व नववीत होता. युरोपातल्या संघांचे सामने रात्री जागून पाहणारा, आपल्या संघातला कोणता खेळाडू कोणत्या जागेवर खेळतो हे तोंडपाठ असलेला हा मुलगा प्रत्यक्ष सामन्याला मात्र एकदाही गेला नव्हता. मित्र बोलावत होते, वडील नको म्हणत होते, आणि त्यावरून घरात जेवणाच्या ताटावर रोज वादावादी होत होती. एकदा तर अथर्वने खोलीचे दार इतक्या जोरात आपटले की खालच्या मजल्यावरचे काका विचारायला वर आले.

वडिलांच्या नकाराला कारण होते. आदल्याच सप्टेंबरात, 29 तारखेला, मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे गेली होती आणि ते कामानिमित्त त्या पुलावरून अनेकदा गेलेले होते. शिवाय 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात 16 प्रेक्षक दगावले होते, हे त्यांनी कुठेतरी वाचून ठेवले होते. आईची काळजी अगदी वेगळी होती. सामना रात्री आठला सुरू होणार, संपायला दहा वाजणार, मग चांदणी चौकाच्या वाहतुकीतून घरी कधी यायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा. शिवाय स्टँडमध्ये कोण काय शिव्या देतो, कोण काय पितो, हेही होतेच.

मी दोघांना या सगळ्या काळज्या कागदावर एकेका ओळीत लिहायला सांगितल्या. हे काम वाटते तितके किरकोळ नाही. ‘गर्दीत पाठवायचे नाही’ या वाक्याशी वाद घालता येत नाही, पण ‘सामना सुटल्यावर जिन्यात रेटारेटी होईल’ या वाक्याला उपाय असतो. चेंगराचेंगरीत माणसे बहुतेकदा पळणाऱ्यांच्या पायाखाली येऊन नव्हे, तर छातीवर चहूबाजूंनी दाब येऊन श्वास कोंडल्याने दगावतात, आणि असा दाब अरुंद जिना, पूल, बंद फाटक अशा ठिकाणी तयार होतो. म्हणून शिट्टी वाजल्याबरोबर उठायचे नाही, पंधरा-वीस मिनिटे जागेवर बसून राहायचे, आत शिरतानाच बाहेर पडायचे दुसरे दार पाहून ठेवायचे, दाटी वाटली तर प्रवाहाच्या उलट न जाता तिरके सरकत कडेला यायचे, दोन्ही हात छातीपुढे धरायचे आणि हातातून काही पडले तरी वाकायचे नाही, एवढे मुलाला पाठ असले पाहिजे. घरी परतण्याचा प्रश्न तर वडिलांनी स्वतःच सोडवला, कारण गाडी घेऊन ते जाणारच होते. मी त्यांना इतकेच सुचवले की गर्दीत फोन लागेलच याचा भरवसा नसतो, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवावी.

इथवर सगळे व्यवहाराचे होते. खरी गोष्ट पुढच्या आठवड्यात अथर्व एकटा आला तेव्हा कळली. बाबा आता तयार आहेत, हे सांगितल्यावर मुलाचा चेहरा खुलायला हवा होता. तो खुलला नाही. त्याने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, आणि ‘पण आता परीक्षा जवळ आलीये ना मॅडम’ म्हणाला. महिनाभर ज्या मुलाने अभ्यासाचा विषय काढू दिला नव्हता, त्याच्या तोंडी हे वाक्य ऐकून मी विषय बदलला आणि गणपतीत विसर्जनाची मिरवणूक कुठून पाहतोस, असे विचारले. लक्ष्मी रस्त्यावर एका मित्राच्या गॅलरीतून, नेहमीच. खाली उतरत नाही का? नाही. ढोल-ताशाचे पथक अगदी जवळून गेले की छातीत धडधडते, हात घामेजतात आणि इथून बाहेर कसे पडायचे, एवढेच डोक्यात येते, हे त्याने फार हळू आवाजात सांगितले. मित्रांना हे कळले तर ग्रुपवर वर्षभर चेष्टा होईल, म्हणून बाबांच्या नकारामुळे त्याची सोय झाली होती. बाबा पाठवत नाहीत, असे सांगितले की प्रश्न मिटत होता, आणि बाबांशी मोठ्याने भांडले की आपण घाबरलेलो नाही हे स्वतःलाही पटत होते.

या वयात असे पुष्कळदा आढळते. जी परवानगी मिळणार नाही याची खात्री असते, तिच्यासाठी मूल सर्वांत जास्त आकांडतांडव करते. वडिलांना मी हे अथर्वच्या संमतीनेच सांगितले, आणि ‘भित्रा कुठला’ हा शब्द घरात उच्चारायचा नाही, ही अट घातली. लहानपणी काही घडले होते का, हे आईने मला पुन्हा पुन्हा विचारले. तसा प्रसंग सापडला नाही आणि तो शोधत बसण्याची गरजही नव्हती. काही मुलांना आवाज आणि दाटी इतरांहून जास्त जाणवते, इतकेच.

भीतीचे एक साधे गणित मी त्याला आकृती काढून समजावले. धडधड वाढत वाढत एका टोकाला पोहोचते आणि आपण तिथेच थांबलो तर काही वेळाने आपोआप उतरते. पण टोकावर असतानाच पळ काढला तर ‘पळालो म्हणून वाचलो’ असे मेंदू शिकतो आणि पुढच्या वेळी भीती लवकर येते. म्हणून थेट बालेवाडीला न जाता त्याला पायरीपायरीने न्यायचे ठरले. आधी शिवाजीनगरला एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर स्थानिक क्लबांचा सामना, जिथे प्रेक्षक मोजके असतात आणि केव्हाही उठून चहाच्या टपरीवर जाता येते. मग बालेवाडीला साखळीतला एक सामना, वडिलांबरोबर, दाराजवळच्या कडेच्या खुर्चीवर. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, त्याने हृदयाची गती खाली येते, याचा सराव घरी करायचा. फार झाले तर स्टँडच्या मागच्या मोकळ्या जागेत पाच मिनिटे उभे राहायचे, मात्र परत यायचे. निघून जाणे आणि थोडे बाजूला होणे यांतला फरक त्याने स्वतःच वहीत लिहून घेतला.

तेवढ्यात पुण्याचा संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला. या फेरीच्या दोन सामन्यांपैकी पहिला 7 मार्चला बुधवारी बालेवाडीत, समोर सुनील छेत्रीचा बेंगळुरू एफसी. मित्रांबरोबर जायची वेळ हीच, असे अथर्वने ठरवले आणि, मला विशेष वाटले ते हे की, त्यांतल्या एका मित्राला त्याने आधीच सांगून टाकले: मध्येच उठून बाहेर गेलो तर विचारत बसू नकोस. चेष्टा झाली नाही. त्या मित्राला लिफ्टची भीती वाटत होती, हे त्या निमित्ताने बाहेर आले.

पूर्वार्धात एकदा सगळा स्टँड एकदम उभा राहिला तेव्हा त्याला बाहेर जावे लागले. तो परत आला. उत्तरार्ध पूर्ण पाहिला, सुटल्यावर ठरल्याप्रमाणे बसून राहिला आणि ठरलेल्या जागी वडिलांना भेटला. सामना 0-0 असा सुटला होता. मित्रांबरोबरच्या पहिल्याच मोठ्या मॅचला एकही गोल पाहायला मिळू नये, याचा राग त्याने पुढच्या भेटीत माझ्याकडे अर्धा तास काढला, आणि समुपदेशक म्हणून मला तो अर्धा तास फार आवडला. 11 तारखेचा परतीचा सामना बेंगळुरूने 3-1 असा जिंकला. तो त्याने घरी टीव्हीवर पाहिला, वडिलांशेजारी बसून.

हा मार्ग प्रत्येक मुलाला लागू करू नये. गर्दीबाहेरही, म्हणजे वर्गात, बसमध्ये किंवा झोपेतून उठून, अशी घाबरगुंडी वारंवार उडत असेल, चक्कर येत असेल, दमा असेल किंवा मूल हळूहळू घराबाहेर पडणेच टाळू लागले असेल, तर सामन्याचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. आणि ज्या मुलाला मुळात जायचेच नाही, केवळ मित्र जातात म्हणून जो तयार होतो, त्याला ‘आई-बाबा नको म्हणतात’ असे सांगायची मुभा पालकांनी खुशाल द्यावी. मात्र ती मुभा आपण देत आहोत हे घरात दोन्ही बाजूंना माहीत असावे, म्हणजे त्यावरून रोज भांडण करावे लागत नाही.