कडप्प्याला लिंबू नको, रेशमाला सोडा नको

मागच्या अंकात घरातल्याच वस्तूंनी धुणी-भांडी-फरशी कशी करायची ते लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की सगळे घेता येणार नाहीत, पण जे पुन्हा पुन्हा विचारले गेले ते इथे घेतेय.

नमस्कार ताई, दोन महिन्यांपासून पावडर बंद करून रिठ्याच्या पाण्यात कपडे धुतेय. रंगीत कपडे ठीक निघतात पण मुलांचे शाळेचे पांढरे शर्ट पिवळट दिसायला लागलेत, कॉलरचा मळ तर तसाच. फेसही येत नाही. माझं काय चुकतंय? (डोंबिवली)

तुमचं काही चुकत नाहीये हो, जे रिठ्याला झेपत नाही ते आपण त्याच्याकडून करून घ्यायला बघतोय. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, ते मळ सोडवतं पण अगदी सौम्यपणे, तेलकट कॉलरपुढे त्याचं काही चालत नाही, आणि उकळलेलं पाणी चहासारखं तांबूस असतं, तो रंग पांढऱ्या सुती कापडात दर धुण्याला थोडा थोडा बसत जातो. फेसाचं मनावर घेऊ नका, फेस कमी म्हणजे सफाई कमी असं नसतं. पांढऱ्यांसाठी धुण्याचा सोडा आणा (खायचा नाही, तो वेगळा), बादलीभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे टाकून शर्ट तासभर भिजवा, कॉलरला साधी साबणाची वडी लावून ब्रश मारा आणि कडक उन्हात वाळवा. बोअरचं पाणी असेल तर सोड्याचा आणखी एक फायदा, जड पाण्यातला चुना तो आधीच खाली बसवतो त्यामुळे साबणाचा चिकट साका कपड्यावर राहत नाही आणि साबणही कमी लागतो. हाताला मात्र झोंबतो, हातमोजे घाला.

आता रिठा कुठे वापरायचा, तर रेशीम आणि लोकर. केसांसारखेच हे धागेही प्रथिनांचे असतात, सोड्याने खरखरीत होऊन कमजोर पडतात. पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढायच्या, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी पंधरा मिनिटं उकळायचे, कुस्करून गाळायचे, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. डोळ्यात उडू देऊ नका, फार चुरचुरतं. आईची लोकरीची शाल मी दर मार्चमध्ये अशीच धुते, कोमट पाण्यात दहा मिनिटं, पिळायची नाही, कोरड्या पंचात गुंडाळून दाबायची आणि सावलीत आडवी पसरायची. वीस वर्षं झाली, अजून मऊ आहे. खऱ्या जरीची पैठणी मात्र घरी पाण्यात घालूच नका.

आणि ताई, दोन शर्ट पिवळे पडले म्हणून सोडून देऊ नका प्लीज. आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे लोट तरंगताना बघितले की पोटात कालवतं, त्यात कारखान्यांचं पाणी आहे तसं आपल्या मोऱ्यांचंही आहे. पावडरमध्ये फॉस्फेट असेल तर ते नदीतल्या जलपर्णीला खतासारखं लागू पडतं. आपल्या एका बादलीत जेवढं कमी जाईल तेवढं जाऊ दे.

व्हिडिओत बघून ओट्यावर खायचा सोडा टाकला, वरून व्हिनेगर आणि लिंबू. फसफस मस्त आली पण कडप्प्यावर पांढुरके चट्टे पडलेत, घासून जात नाहीत. (सांगली)

वाचून खरंच वाईट वाटलं, कारण हे चट्टे घासून जाणारच नाहीत. तो डाग नाहीये, दगडच खाल्ला गेलाय. कडप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर, हे सगळे चुन्याचे दगड, आंबट पडलं की विरघळतात. खोबरेल तेलाचा हात फिरवलात तर थोडे दिवस कमी दिसतील, पण मुळापासून घालवायचे तर पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागेल. पुढे रोज भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी नाहीतर रिठ्याचं पाणी, बास.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्यात तसाही अर्थ नाही. एक क्षार, एक आम्ल, दोघं एकमेकांना मारतात, फसफस म्हणजे नुसता वायू उडून जातो आणि मागे उरतं जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरा की! करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून उकळा, करप सुटून येतो. नळावरच्या पांढऱ्या थराला मात्र आंबटच हवं, किराणा दुकानातलं लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून फडकं भिजवा आणि अर्धा तास गुंडाळून ठेवा.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, टॉयलेटचं अ‍ॅसिड, काही म्हणजे काही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

गणपतीची पितळी भांडी आमसुलाने लख्ख झाली, पण दोन दिवसांत परत काळवंडली. अ‍ॅल्युमिनियमची कढई सोड्याने घासली तर ती पण काळी. (रत्नागिरी)

आमसूल किंवा चिंच-मीठ लावल्यावर आंबटपणा भांड्यावर राहिला की असं होतं. आजी चिंचेनंतर रांगोळीने नाहीतर चुलीच्या राखेने परत घासायची, राख क्षार असल्यामुळे उरलेलं आम्ल निघून जायचं, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसायची, एक थेंब राहू द्यायची नाही. तसंच करा. कढईचं उलटं, अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो. त्यात पाणी आणि तुमची ती वापरलेली आमसुलं टाकून दहा मिनिटं उकळा, काळपटपणा उतरेल.

पांढऱ्या कुर्त्यावर वरण सांडलं, साबण लावला तर डाग लालभडक झाला! (पुणे)

घाबरू नका, क्षार लागला की हळद लाल होते, स्वच्छ पाण्यात खळबळलं की परत पिवळी. मग ओला कुर्ता दोन-तीन दिवस उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही.

संत्र्याच्या सालींचं बायोएन्झाईम (साली आणि गूळ पाण्यात आंबवून केलेलं सफाईचं पाणी) लावलंय, बाटली फुगून टम्म झाली. फेकू का? (नागपूर)

अजिबात नको, आंबतंय म्हणून फुगलंय. झाकण रोज एकदा हळूच सैल करा, पहिला महिनाभर तरी, आणि काचेची बाटली असेल तर आजच प्लास्टिकच्या बाटलीत ओता कारण काच फुटू शकते. प्रमाण शंभर ग्रॅम गूळ, तीनशे ग्रॅम साली, एक लिटर पाणी, वर चौथा भाग रिकामा, आणि तीन महिने धीर धरा. आंबूस वास आला तर छान, कुजका आला तर झाडाखाली पुरून टाका. तयार झालं की पाण्यात पातळ करून टाइल्स, सिंक, बेसिनला वापरा, कडप्प्याला नाही कारण हेही आंबटच. घरात कोणी आजारी असेल तर त्यांच्या चादरी-कपड्यांना याच्या भरवशावर राहू नका, गरम पाणी आणि साबणच घ्या.