सशाच्या पिल्लांचे डोळे चिकटले तर घरी काय करावं?

प्रश्न (दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा): आमच्या सशिणीला सात पिल्लं झाली, आज चौदावा दिवस. पाच जणांचे डोळे उघडले, दोघांचे अजून बंद आहेत. त्यातल्या एकाची पापणी फुगली असून कोपऱ्यातून पिवळा चिपडा येतो. सासूबाई हळद आणि मध लावायचं म्हणतात. लावू का?

उत्तर: ताई, हळद-मध नका लावू. सासूबाईंची माया खरी आहे, पण हळदीची भुकटी डोळ्यात खुपते आणि मधानं पापण्या आणखी चिकटतात. तुरटी, लिंबू, गुलाबपाणी, काजळ, बाळंतिणीचं दूध, यातलंही काही नको. घरी करण्यासारखा उपाय एकच, कोमट मिठाचं पाणी. तो मात्र आजच करा.

सशाची पिल्लं बंद डोळ्यांनीच जन्मतात आणि दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. तुमच्या दोघांची वेळ टळून गेली आहे. पापणी फुगली म्हणजे आत पू साठला. तो तसाच राहिला तर बुबुळावर जखम होते, पांढरा डाग पडतो आणि पिल्लू त्या डोळ्यानं आंधळं होऊ शकतं. उघडेल आपोआप म्हणून थांबलेल्यांची अशी पिल्लं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

अर्धा लिटर पाणी उकळा, त्यात चहाच्या चमच्यानं सपाट पाऊण चमचा मीठ घाला. चव आपल्या आसवांइतकीच खारट लागली पाहिजे, जास्त नाही. कोमट झालं की हात साबणानं धुवा. पिल्लू मऊ फडक्यात गुंडाळून मांडीवर घ्या, फक्त तोंड बाहेर ठेवा. कापसाचा बोळा भिजवून, पिळून, बंद डोळ्यावर दोन-तीन मिनिटं नुसता धरा. थंड झाला की पुन्हा कोमट पाण्यात बुडवा. घासू नका. चार-पाच वेळा केलं की कडेची पिवळी खपली फुगून मऊ होते आणि बोळ्याबरोबर निघून येते. मग दोन बोटांनी वरची-खालची पापणी अगदी अलगद दूर करून पहा. फट पडली की पू बाहेर येईल. तो टिपा आणि त्याच पाण्याचे थेंब सोडून डोळा धुवा. नाही उघडला तर ओढू नका, दोन-तीन तासांनी परत शेका. प्रत्येक डोळ्याला नवा बोळा घ्या, नाहीतर एकाचा पू दुसऱ्याच्या डोळ्यात जाईल. दिवसातून तीनदा करा. डोळा उघडला तरी काही दिवस लक्ष ठेवा, रात्रीतून पापण्या पुन्हा चिकटतात.

पाण्यानं डोळा साफ होतो, जंतू मरत नाहीत. म्हणून फुगलेल्या डोळ्याचं पिल्लू आज-उद्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवाच. जाणं जमत नसेल तर १९६२ वर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा. डॉक्टर डोळ्यात घालायचं मलम देतील. घरात माणसांची जुनी ट्यूब पडली असेल तर ती वापरू नका. त्यात डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली, तर जखम चिघळते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन तोंडातून कधीच देऊ नका. सशाच्या पोटातले उपयोगी जंतू त्यानं मरतात, हगवण लागते आणि ससा दगावतो.

आता पिल्लं ठेवली आहेत ती पेटी पहा, कारण दुखण्याचं मूळ बहुतेक तिथंच सापडतं. नाक पेटीजवळ नेल्यावर मुताचा वास डोळ्याला झोंबला, तर पिल्लांचे डोळे दिवसभर तेच सोसत आहेत. ओलं झालेलं सगळं काढून टाका. आपल्याकडे तुरीचं नाहीतर सोयाबीनचं कुटार हाताशी असतं म्हणून तेच अंथरतात, पण त्याचा फुफाटा डोळ्यात जातो आणि काड्या टोचतात. स्वच्छ, कोरडं, मऊ गवत घाला. सशिणीनं उपटलेले तिचे केस कोरडे असतील तेवढे परत ठेवा. घरचा कापूस आहे म्हणून तो घालू नका, त्याचे धागे पिल्लांच्या पायांना गुंडाळून आवळतात. उन्हाळ्यात ओलं चुंगडं पिंजऱ्याच्या बाजूला टांगा, पेटीवर नको. हाताळण्याआधी तळहाताला तिथलंच गवत चोळा, सशीण बिचकणार नाही.

सशीण शिंकते का, तिच्या पुढच्या पंजांचे केस आतून चिकट झालेत का, तेही बघा. तसं असेल तर संसर्ग तिच्याकडूनच आलेला असू शकतो, तिलाही डॉक्टरांना दाखवा. पाजण्यापुरतंच पिल्लांजवळ सोडायचं का, हेही त्यांनाच विचारा. सशीण दिवसातून एखाद-दोनदाच, तेही काही मिनिटं पाजते, त्यामुळे हे जमण्यासारखं आहे.

डोळा उघडल्यावर बुबुळ चकचकीत दिसतं की दुधाळ, ते मला कळवा. तुमचे ससे पांढऱ्या न्यूझीलंड जातीचे असतील तर डोळा लालच दिसेल, त्याला घाबरू नका. दुधाळपणा दिसला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.