चाकणच्या शाखेत रुजू होताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

बँकेतली तुझी पहिली नेमणूक चाकण परिसरातल्या शाखेत झाल्याचे कळले. आनंद झाला, थोडी काळजीही वाटली. म्हणून फोनवर अभिनंदन करून न थांबता हे सविस्तर लिहीत आहे. त्या पट्ट्यात मी अकरा वर्षे काढली. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे ते गाव मोटारींचे गाव होताना मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले. बजाजचा कारखाना 1999 मध्ये आला, पुढे 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आले, आणि सुट्या भागांच्या लहानमोठ्या कारखान्यांनी मधली शेते भरून गेली.

जुलै 1991 मध्ये सुमारे 47 टन सोने परदेशी बँकांकडे गहाण टाकण्याची वेळ आलेला देश तिथून कुठवर आला, हे तू परीक्षेसाठी पाठ केलेलेच आहेस. ती मजल खरी आहे. तिला नाके मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही. शेती होती तेव्हा सगळे सुखी होते असे सांगणाऱ्यांनी 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची खडी फोडलेली नसते. पण एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. देश वर्षाला सहा-सात टक्क्यांनी वाढतो, जमीन गेलेल्या घरातला बदल मात्र एका फेरफाराने, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या एका बदलाने होतो. सकाळी सातबाऱ्यावर असलेले नाव संध्याकाळी नसते, आणि चार पिढ्यांनी सांभाळलेली जमीन एका धनादेशात मावते. त्या धनादेशाचे काय करायचे हे शिकायला त्या घराला जेमतेम एक-दोन वर्षे मिळतात. विकासाने नुकसान केले असे मी म्हणत नाही. त्याने शिकायला सवड दिली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

एक प्रसंग सांगतो, आणि त्यात चूक माझी होती हेही सांगतो. भूसंपादनाच्या मोबदल्याचा धनादेश घेऊन एक सत्तरीचे शेतकरी आले होते. बरोबर दोन मुलगे, एक पुतण्या आणि जमिनीचे व्यवहार करणारा एक एजंट होता. आयुष्यात कधी पाच आकडी शिल्लक न पाहिलेल्या खात्यात त्या दिवशी आठ आकडी रक्कम जमा झाली. मी सर्वांना चहा पाजला, कारण मार्च जवळ आला होता आणि शाखेचे ठेवींचे उद्दिष्ट त्या एका खात्याने पुरे होणार होते. पैसे काढायची स्लिप एजंटच भरत होता आणि आजोबा फक्त अंगठा कुठे उठवायचा ते विचारत होते, हे मला दिसत होते. पण कागद नियमानुसार होते, म्हणून मी काही विचारले नाही. बंगला झाला, दोन गाड्या आल्या, नातीचे लग्न हजार पानांचे झाले. तिसऱ्या वर्षी तेच आजोबा धोतराच्या सोग्यात बांधलेल्या पाटल्या घेऊन सोनेतारणाच्या टेबलासमोर बसले होते. अशा माणसांना ‘गुंठामंत्री’ म्हणून हसायची शहरात पद्धत आहे. मला ते हसू आवडत नाही. त्या हसण्यात चहा पाजणारे आम्ही कुठेच नसतो.

तेव्हा मोबदल्याची रक्कम आली की उद्दिष्टाचा तक्ता जरा बाजूला ठेव. 2013 च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदल्याची सोय केली आहे, म्हणजे रक्कम पूर्वीपेक्षा मोठी असणार आणि तिच्याभोवती जमणारी माणसेही जास्त असणार. आजोबांना एकटे बसवून, त्यांच्या भाषेत विचार, की दहा वर्षांनी घरात दर महिन्याला पैसा कुठून येईल. निम्मी रक्कम तरी दरमहा व्याज देणाऱ्या ठेवीत, आजींच्या संयुक्त नावावर राहावी असा आग्रह धर. आणि निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या भूसंपादनाच्या आदेशात, कोणाकोणाची नावे आहेत ते स्वतः वाच. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलाइतकाच झाला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलचा उरलासुरला संभ्रमही दूर केला. तरीही दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणींकडून साडीचोळीच्या बदल्यात हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. जमिनीला भाव नव्हता तोवर ज्या बहिणीची आठवणही झाली नव्हती, तिच्या घरी भाऊ गाडी घेऊन जातो. त्यात बँकेला बोलायचा अधिकार फारसा नाही, पण माहिती विचारणाऱ्या बहिणीला ‘भावाला घेऊन या’ असे उत्तर तुझ्या टेबलावरून जाऊ नये.

सगळीच घरे बुडाली असे समजू नकोस. पुण्यातल्या मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. मात्र ती बहुतेक एकाच आडनावाची, ऊस पिकवणारी माणसे होती आणि शहर आपल्याकडे सरकताना त्यांना दिसत होते. चाकणमध्येही मोबदल्यातून पत्र्याच्या का होईना, वीस-पंचवीस खोल्या बांधणारे तरले. त्या खोल्यांच्या भाड्यावर आज घरे चालतात. फक्त कर्ज देण्यापूर्वी पाणी कुठून येते ते विचार, कारण टँकरचा खर्च प्रकल्प अहवालात कोणी लिहीत नाही. सांडपाणी कुठे जाते तेही विचार. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो, तो एकट्या कारखान्यांचा नव्हे, आपण कर्ज दिलेल्या चाळींचाही आहे.

त्या खोल्यांत राहणारी मुले-मुली हा तुझा दुसरा ग्राहक. मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा इथून आलेली, कंत्राटदाराकडे काम करणारी, सात महिने झाले की ‘ब्रेक’ मिळणारी, म्हणजे कामावरून कमी केली जाणारी. देशातले सुमारे 45 टक्के कामकरी अजून शेतीवर आहेत आणि शेतीचा उत्पन्नातला वाटा मात्र पाचव्या हिश्शाच्या आसपास आहे, या वाक्याचा अर्थ त्यांच्या पासबुकात दिसतो: सात तारखेला पगार, आठ तारखेला गावी पाठवलेली रक्कम. कंत्राटदार बदलला की त्यांचे खाते बंद पडते; ते चालू ठेवायचे काम कंटाळवाणे आहे, पण ते कर.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात सोनेतारणाचे जुने रजिस्टर मागून घे आणि त्यातली आडनावे निवाड्यांच्या याद्यांशी ताडून पाहा. नावे मला सांगू नकोस, ती शाखेतच राहू देत. किती जुळली, तेवढे कळव.

तुझा,
जुना शाखाधिकारी