कोकणातून उयुनीला जायचंय: जानेवारी की जुलै?

तुम्ही रत्नागिरीचे, हाताशी बारा दिवस, आणि बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान बघायला जानेवारीत जावं की जुलैत, असा प्रश्न आहे. महिन्याचं नंतर बघू, आधी उंचीचं बोलतो.

मी शिरोड्याचा. मिठागराशेजारी वाढलो, त्यामुळे मीठ बघायला एवढ्या लांब निघालो म्हणून घरचे हसलेच. आईने विचारलं, "थंय समुद्र नाय, मगे मीठ खंयसून इला?" तिथे फार पूर्वी तळं होतं. पाण्याला बाहेर वाट नव्हती, ते आटत गेलं आणि मीठ मागे राहिलं. जवळजवळ दोन सिंधुदुर्ग जिल्ह्यांएवढं, 3,656 मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त.

माझी चूक अशी की मी ला पाझला थेट विमानाने उतरलो. तिथला विमानतळच 4,000 मीटरच्या वर. बॅग उचलून चार पावलं टाकली आणि धाप लागली. रात्रभर डोकं ठणकलं, जेवण पोटात राहिलं नाही. आपण जन्मभर भरतीच्या रेषेवर राहणारी माणसं, एवढं तरी सुचायला हवं होतं! तुम्ही बोलिव्हियातल्याच, पण सखल भागातल्या सांता क्रूझ शहरात उतरा, सुमारे 2,800 मीटरवरच्या सुक्रेत तीन रात्री काढा, मग उयुनी. तीन दिवसांच्या जीप सहलीत लाल पाण्याच्या लागुना कोलोरादाकडे आणखी वर, 4,300 मीटरच्या आसपास नेतात. सुरुवातीलाच डोकं दुखत असेल तर ती घेऊ नका, मैदानाची एका दिवसाची सहल पुरते.

आता महिना. आमच्याकडे पाऊस आला की मिठागर बंद, तिथे पाऊस आला की आरसा. जानेवारी-फेब्रुवारीत मिठावर वीतभरही नसलेलं पाणी साचतं आणि आभाळ पायाखाली येतं. पण पाणी वाढलं तर उंच निवडुंगांच्या इंकावासी बेटापर्यंत गाडी जात नाही. जुलैत मैदान कोरडं, मिठाच्या षट्कोनी भेगा स्पष्ट दिसतात, रात्री मात्र पारा शून्याच्या बराच खाली. मी जुलैत गेलो होतो. पुन्हा जमलं तर जानेवारीत जाईन.

सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, ऊन मिठावरून उलटं वर येतं. काळा चष्मा हवाच. यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. बोलिव्हियातून परतताना तो दाखला आपल्याच विमानतळावर मागतात.