कागदावरचं वय आणि पैलवानाचं पोट

"मॅडम, नियम बदलणार म्हणतात. आमच्या पोराचं काय होईल?" २०२५च्या मार्चमध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने वयचोरीविरोधी, म्हणजे खेळाडूचं वय कागदावर कमी दाखवण्याविरोधी, संहितेचा नवा मसुदा सूचनांसाठी खुला केला, तेव्हापासून समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो आहे. कधी क्रिकेटवाल्याची आई विचारते, कधी धावणाऱ्या मुलीचे वडील, कधी आडून आडून एखादे क्रीडाशिक्षक.

जुनी संहिता २०१०ची. नव्या मसुद्यात नोंदणीच्या वेळीच तीन कागदपत्रांची सक्ती होती आणि शंका आली तर वैद्यकीय तपासणी. पहिल्यांदा सापडलं तर दोन वर्षं बंदी आणि पदकं काढून घेणार, पुन्हा सापडलं तर आजन्म बंदी आणि पोलिसांत गुन्हा. शिवाय एक दार उघडं ठेवलं होतं : सहा महिन्यांच्या मुदतीत जो खेळाडू स्वतःहून खरं वय सांगेल त्याला शिक्षा नाही, त्याने योग्य वयोगटात खेळावं. पालकांना बंदीचं कलम तोंडपाठ असतं. माफीचं कलम मला सांगावं लागतं.

कोल्हापूरकडच्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगा नववीत, तालमीत वाढलेला, शालेय कुस्तीत १७ वर्षांखालच्या गटातून जिल्हा जिंकलेला. विभागीय स्पर्धा जवळ आली आणि त्याचं पोट बिघडायला लागलं. कधी पोट, कधी मान. डॉक्टरांना काही सापडेना. वस्तादांचं निदान तयार होतं, पोरगं भ्यायलंय.

वडील त्याला माझ्याकडे सोडून बाहेर थांबायच्या बेतात होते. मी सगळ्यांना आत बोलावलं. ही माझी जुनी खोड आहे. मूल म्हणजे घराचा तापमापक, पारा चढला म्हणून नळी बदलून ताप उतरत नाही, असं मी मानते. माझ्या काही सहकाऱ्यांना हे जुनाट वाटतं. वाटू दे.

"वजनकाट्यावर चढायची वेळ आली की ह्याचं पोट दुखतंय," वडील म्हणाले.

मी मुलाला विचारलं, "आणि नाही दुखलं तर?"

त्याने वडिलांकडे पाहिलं. "मग खेळाय जावं लागंल. कागद बघतील."

वडील खुर्चीत सरसावले. आई मात्र शांतपणे म्हणाली, "सांगा की आता."

पाचवीत गावातून शहरातल्या शाळेत घालताना कुणीतरी सल्ला दिला होता : वय एक वर्षानं कमी लावा, गटात एक मोसम जादा मिळेल. वडिलांनी लावलं. ग्रामपंचायतीच्या नोंदीत खरी तारीख, शाळेच्या रजिस्टरात दुसरी. घरात सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणीच नव्हतं.

पुढच्या काही भेटी याच गुंत्यात गेल्या, त्या सांगत बसत नाही. एके दिवशी मी मुलाला विचारलं, "समज, बंदी पडली. त्यात सगळ्यात वाईट काय?"

उत्तर वडिलांनी दिलं. "दहावीचे सवलतीचे गुण जातील, पुढं नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण जाईल..." मी हात वर करून त्यांना थांबवलं.

मुलगा खाली बघत म्हणाला, "आप्पांना पोलीस नेतील."

त्याने मोबाईलवर गुन्ह्याचं कलम वाचलं होतं. ते कधी लागू होतं, कुणाला, हे विचारायचं कुणाला? स्पर्धेला गेलाच नाही तर कागद उघडणार नाहीत, आणि उघडले नाहीत तर आप्पा सुरक्षित. वस्ताद ज्याला भित्रा म्हणत होते, तो पोरगा कित्येक महिने बापाची राखण करत बसला होता. असा क्षण आला की इतक्या वर्षांच्या कामाचं चीज झाल्यासारखं वाटतं, हे लपवत नाही.

वडिलांना मी एकच काम दिलं, मुलाला खरं काय ते सांगायचं. ते म्हणाले, "तारीख मी बदलली. तू ल्हान होतास. कुणी विचारलं तर मी सांगीन." पहिल्यांदा हे माझ्याकडे बघून म्हणाले, म्हणून पुन्हा म्हणायला लावलं, त्याच्याकडे बघून.

ज्यांच्या घरी असं काही आहे, त्यांनी "मसुदाच तर आहे, बघू पुढं" हे मुलासमोर म्हणू नये. चाचण्या आणि शिक्षा जुन्या संहितेतही होत्याच, आणि मुलाचं पोट राजपत्राची वाट बघत नाही. तारीख कुणी बदलली ते त्याच माणसाने मुलाला सांगावं, मुलाने ते शोधून काढू नये. मग कागद. शाळेच्या नोंदीतली दुरुस्ती मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे मागता येते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की काम फार अवघड होतं. कायद्याचं वकिलाला विचारा, ते माझं क्षेत्र नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांत ज्यांचे कागद चोख आहेत असेही पुष्कळ असतात. मुलगी अंगाने थोराड, म्हणून समोरचा संघ बोट दाखवतो. त्यांना सांगते, मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांच्या वयाचा अंदाज निघतो, जन्मतारीख नाही. मसुद्यात अपिलाचीही सोय होती. मुलीकडून ठाम उत्तरं घोटवून घेऊ नका. तिला शरीराची लाज वाटू लागली आहे का, एवढं बघा.

नियम कडक व्हावेत, याच मताची मी आहे. एक वर्ष चोरलेला मल्ल ज्याला चितपट करतो, तोही कुणाचं तरी लेकरूच असतं. पण पाचवीतल्या पोराच्या नावावर मोठ्यांनी केलेला उद्योग त्याच्याच खात्यावर पडू नये. मसुद्यात प्रशिक्षक आणि पदाधिकाऱ्यांनाही शिक्षा होती. माझा डोळा त्या कलमावर आहे.

त्या घराने दुरुस्तीचा अर्ज केला. पुढच्या मोसमात मुलगा १९ वर्षांखालच्या गटात उतरला आणि तालुक्यालाच हरला. पोटदुखीचं मात्र पुन्हा काही माझ्या कानावर आलं नाही. वस्ताद चिडले, वडिलांना बरंच बोलले. काही दिवसांनी तेच दुसऱ्या एका पैलवानाच्या घरच्यांना घेऊन माझ्याकडे आले. त्या घराचं काम अजून चालू आहे.