काउंटीची हद्द सोडा, गॅरेजचं दार बघा

तुम्ही कॅलिफोर्नियातून लिहिता की मित्राकडून रात्री घरी येताना शेजारच्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, डेप्युटी शेरीफ (तिथला पोलिस अधिकारी) मागे लागला. गाडी लेनमधून हेलकावत होती, हे त्याने त्याच्या हद्दीत पाहिलं. दिवे लावले ते मात्र तुम्ही स्वतःच्या ड्राइव्हवेत वळताना. तुम्ही गॅरेजमध्ये शिरलात, दार खाली येत असताना तोही आत आला आणि दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली. दुसऱ्या काउंटीत येऊन अटक कशी, हा तुमचा प्रश्न.

आपल्याकडे ‘ही आमच्या ठाण्याची हद्द नाही’ हे ऐकायची सवय असते, म्हणून हा मुद्दा सुचतो. पण कॅलिफोर्नियात तो टिकणार नाही. दंडसंहितेच्या कलम ८३०.१ नुसार गुन्हा त्याच्या काउंटीत घडला, असं मानायला सबळ कारण असेल तर डेप्युटीचा अधिकार राज्यभर चालतो. आणि समजा हद्द खरोखर ओलांडली असती, तरी तेवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. राज्याचा नियम मोडला म्हणून सबळ कारणावरची अटक घटनाबाह्य ठरत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये व्हर्जिनिया विरुद्ध मूर खटल्यात सांगितलं आहे.

तुमची खरी बाजू गॅरेजमध्ये आहे. २०२१ चा लँग विरुद्ध कॅलिफोर्निया हा खटला जवळपास तुमच्यासारखाच: अधिकाऱ्याने बंद होणाऱ्या दाराखाली पाय घातला आणि आत गेला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, किरकोळ गुन्ह्यातला संशयित पळाला, एवढ्यावरून वॉरंटशिवाय घरात शिरायची सरसकट मुभा नाही. प्रत्येक वेळी परिस्थिती बघावी लागेल. म्हणजे सरकारी पक्ष तातडी दाखवणार, आणि दिवे पाहूनही तुम्ही थांबला नाहीत, हे तुमच्याविरुद्ध वापरणार.

म्हणून दिवे नेमके कधी लागले आणि दार किती खाली आलं होतं, यावर सगळा खेळ आहे. दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आजच उतरवून ठेवा, ते काही दिवसांत पुसलं जाऊ शकतं. डेप्युटीच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण तुमचा वकील मागेल. व्हिसावर असाल तर गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. दारूच्या नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द झालेले लोक आहेत.

आणि तो गुलाबी कागद, म्हणजे परवाना निलंबनाची नोटीस, शोधा. परवाना काढून घेताना तुमच्या हातात दिला असेल. डीएमव्हीकडे (राज्याच्या वाहन-परवाना खात्याकडे) त्या निलंबनावर सुनावणी मागायला अटकेपासून फक्त १० दिवस मिळतात, आणि तुमच्या पत्रावरून त्यातले ६ गेलेत.